‘अजून ६४ किमी’: गाडीतला इंधनकाटा आणि रेंजचा आकडा, नाशिकच्या रस्त्यांवर तपासलेला

गाडी घेताना सनरूफ चार वेळा उघडून बघतात, स्क्रीनवर गाणं लावून बघतात, डिकीत किती बॅगा मावतील याचीही चर्चा होते. इंधनाचा काटा मात्र कुणी तपासून घेत नाही. तो असतोच आणि खरंच बोलतो, असं सगळे धरून चालतात. मग एखाद्या रविवारी सप्तशृंगी गड उतरून नांदुरीला आल्यावर मीटरवर ‘२५० किमी’ दिसतात, नाशिकात शिरेपर्यंत त्याचे १५० झालेले असतात, आणि पंपवाल्याने कमी टाकलं की टाकी गळतेय यावर गाडीतच वाद रंगतो. बहुतेक वेळा दोन्ही खोटं असतं.

परीक्षण आहे ते याच यंत्रणेचं. त्यात काटा किंवा पट्ट्या, पिवळा दिवा, ‘किती किमी जाईल’ हा आकडा (शोरूमच्या भाषेत डिस्टन्स टू एम्प्टी, बोलताना डीटीई), आणि सीएनजी व बॅटरीच्या गाड्यांतली त्यांची भावंडं. कुठल्या एका कंपनीचं हे परीक्षण नाही, कारण आतलं तंत्र सगळीकडे जवळपास एकच आहे. निकाल आधीच सांगून टाकू. काटा ढोबळ आहे, पण ढोबळ असल्याचं लपवत नाही. आकडा एकेक किलोमीटर मोजून दाखवतो, म्हणून त्यावर भरवसा बसतो, आणि फसवतो तोच जास्त.

लिटर कुणी मोजतच नाही

बऱ्याच गाड्यांत मागचं सीट उचललं की पत्र्यावर एक झाकण दिसतं. त्याखाली टाकीतली मोटर, गाळणी आणि बाजूला तारेच्या दांड्याला अडकवलेला काडेपेटीएवढा फ्लोट. इंधन वर-खाली झालं की फ्लोट हलतो, दांडा फिरतो, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाची धातूची बारीक बोटं एका सिरॅमिकच्या पट्टीवरून सरकतात. ही पट्टी अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. तिच्यावर कंगव्याच्या दातांसारख्या चंदेरी रेघा असतात आणि प्रत्येक रेघेचा रेझिस्टन्स वेगळा. समोरचं मीटर फक्त तेवढे ओहम वाचतं. म्हणजे टाकीतल्या एका ठिकाणी इंधनाची उंची किती, एवढंच गाडीला कळतं. लिटर हा त्यावरून काढलेला अंदाज.

टाकी चौकोनी डबा असती तर हा अंदाज सोपा होता. पण आजच्या प्लॅस्टिकच्या टाक्या सायलेन्सर, ॲक्सल आणि सीटखालची जागा सांभाळत वेड्यावाकड्या आकारात बसवलेल्या असतात. वरच्या दोन सेंटिमीटरमध्ये सहा लिटर मावत असतील तर तळाच्या दोन सेंटिमीटरमध्ये तीनच. हा फरक भरून काढायला मीटरच्या मेमरीत एक तक्ता असतो, इतके ओहम म्हणजे इतके लिटर. तक्ता कारखान्यात ठरतो. पुढे खालून दगड लागून टाकीचा तळ आत गेला किंवा दांडा किंचित वाकला, तरी तक्ता तोच राहतो.

टाकी फुल केल्यावर पहिले ७०-८० किमी काटा ‘एफ’वरच चिकटून राहतो, यात जादू नाही. फ्लोट टाकीच्या छताला टेकला की त्यावर आणखी इंधन आलं, नळीतही उभं राहिलं, तरी त्याला पत्ता नसतो. तेवढं संपेपर्यंत काटा हलत नाही, मग हलायला लागतो आणि आपल्याला वाटतं गाडी अचानक पिऊ लागली. तळाशीही तसंच. फ्लोट तळाला टेकतो तेव्हा मोटरच्या तोंडाशी अजून काही लिटर असतात. ‘शून्य’ म्हणजे खरं शून्य नाही, कंपनीने मुद्दाम मागे ठेवलेली शिल्लक आहे.

पट्ट्यांचं मीटर असेल तर आणखी एक घोळ. समजा ३७ लिटरची टाकी आणि आठ पट्ट्या. म्हणजे एका पट्टीत साडेचार लिटरच्या आसपास. तीन पट्ट्या आत्ताच दिसायला लागल्या की आता जाणारच आहेत, हे बाहेरून सारखंच दिसतं आणि त्यात ६०-७० किमीचा फरक असतो. त्यामुळे पट्टी किती आहे यापेक्षा पट्टी कधी गेली ते लक्षात ठेवणं कामाचं. पट्टी जाते त्या क्षणी ट्रिप मीटर बघून घ्या. पट्टीवाल्या मीटरमध्ये नेमकं वाचन देणारा क्षण तेवढा एकच.

उतार-चढाचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. टाकीची लांबी ७० सेंटिमीटर, उंची २० सेंटिमीटर धरा. दहाला एक असा चढ असेल तर इंधनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७ सेंटिमीटरचा फरक पडतो. फ्लोट मधोमध असेल तर काही बिघडत नाही. टोकाला असेल तर तो साडेतीन सेंटिमीटरने चुकतो, म्हणजे २० सेंटिमीटरच्या उंचीत जवळपास १७ टक्के. गडाच्या घाटात नाक वर करून गाडी उभी केली आणि काटा पाव टाकी हलला, तर कारण एवढंच. फ्लोट पुढे असेल तर चढावर कमी दाखवेल, मागे असेल तर जास्त. वाचन घ्यायचं असेल तर सपाट जागा, चावी बंद, दोन-तीन मिनिटं थांबा, मग चावी चालू.

थांबायचं का, तर काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. वळणावर, खड्ड्यात इंधन हिंदकळतं. सीबीएस ते द्वारका एवढ्या अंतरात फ्लोट शेकड्याने उड्या मारत असेल. प्रत्येक उडी काट्याने दाखवली तर बघवणार नाही, म्हणून मीटर कित्येक सेकंदांची, कधी मिनिटांची सरासरी काढून सावकाश हलतं. याच आळसामुळे चावी चालू ठेवून इंधन भरलं तर काही गाड्यांत काटा कितीतरी वेळ जुन्याच जागी राहतो. पंपावर ‘इंजिन बंद करा’ असा बोर्ड असतो तो सुरक्षिततेसाठी, पण काट्याचंही त्यातच भलं. थोडं थोडं भरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. काही गाड्यांच्या माहितीपुस्तकातच लिहिलेलं असतं, की ६ लिटरपेक्षा कमी भरलं तर रेंजचा आकडा बदलेलच असं नाही. तिनशे रुपयांचं पेट्रोल टाकून आकडा हलला नाही म्हणून पंपावर आवाज चढवण्याआधी तेवढं पान उघडून बघावं.

काट्याला दहापैकी सात गुण.

पिवळा दिवा

जुन्या गाड्यांत दिव्यासाठी टाकीत वेगळा थर्मिस्टर असायचा. इंधनात बुडालेला असेपर्यंत थंड, उघडा पडला की तापतो, रेझिस्टन्स उतरतो आणि दिवा लागतो. त्यामुळे फ्लोट बिघडला तरी दिवा आपलं काम करायचा. नव्या गाड्यांत बहुधा त्याच फ्लोटच्या वाचनावरून दिवा लावतात. म्हणजे साक्षीदार दोन दिसतात, पण दोघांचं तोंड एकच. फ्लोट वर अडकून बसला तर काटाही खोटा आणि दिवाही झोपलेला.

३५ ते ४५ लिटरच्या टाकीत दिवा साधारण ५ ते ७ लिटर उरलेले असताना लागतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा काढणं सोपं आहे. दिवा लागल्या लागल्या जवळच्या पंपावर पहिल्या ऑटोकटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा आणि टाकीच्या क्षमतेतून ते लिटर वजा करा. असं तीनदा केलं की या दिव्याइतकं भरवशाचं साधन गाडीत दुसरं नाही. आठ गुण, आणि तेही फ्लोट शाबूत असेल तर.

दिव्यावर रोज गाडी पळवू नका. पेट्रोल गाडीत टाकीतली मोटर पेट्रोलनेच थंड राहते. डिझेलमध्ये टाकी कोरडी पडली तर लाइनमध्ये हवा शिरते आणि ती काढायला मेकॅनिक बोलवावा लागतो.

आकडा नेमका येतो कुठून

आता मूळ आरोपी. डीटीईचं सूत्र एका ओळीचं आहे, उरलेले लिटर गुणिले अलीकडचं ॲव्हरेज. उरलेले लिटर येतात त्याच ढोबळ फ्लोटकडून. ॲव्हरेज येतं मागच्या काही किलोमीटरवरून. काही गाड्या मागचे ३० किमी धरतात, काही त्यात जुनी सरासरी मिसळतात. पुढे रस्ता कसा आहे, हे या सूत्राला ठाऊक नसतं. आणि नाशिकची अडचण अशी, की इथून कुठेही निघालं तरी पुढचा रस्ता मागच्यासारखा नसतो. मुंबईकडे कसारा, पेठकडे सावळघाट, पुण्याकडे मोहदरी आणि पुढे चंदनापुरी, धुळ्याकडे राहूड.

हिशेब करू. टाकीत १० लिटर, मागच्या ३० किमीचं ॲव्हरेज १७. मीटर दाखवतं १७० किमी. आता घाटाचा १२ किमी उतार आला. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरलं तर आजच्या इंजिनात इंजेक्टर जवळपास बंदच असतात. बारा किलोमीटरला ०.१ लिटर गेलं असं धरू. मागच्या ३० किमीचा खर्च झाला १.१६ लिटर, ॲव्हरेज जवळजवळ २६, आणि आकडा पोचला २५५ च्या पुढे. गाडीत पेट्रोलचा थेंब वाढलेला नाही. पुढे १७ च्याच ॲव्हरेजने रस्ता सुरू झाला की हा फुगा तीसेक किलोमीटरमध्ये उतरतो, आणि त्या वेळी दर दोन किलोमीटरला आकडा सरासरी आठेकने पडताना दिसतो. ‘गाडी पेट्रोल खातेय’ या तक्रारीतला मोठा भाग नेमका इथला आहे.

जाता जाता, उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय अजून कसाऱ्यात दिसते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतंच. गिअरमध्ये पाय सोडला तर शून्य. शिवाय ब्रेक तापतात ते वेगळं.

उलटी बाजू ट्रॅफिकची. तेच १० लिटर, तेच १७० किमी. द्वारका चौकात अर्धा तास अडकलात, एसी चालू, तासाला ०.८ लिटरने ०.४ लिटर जळलं. प्रत्यक्षात गमावले ७ किमी. पण मीटरच्या हिशेबात मागच्या ३० किमीला १.७६ ऐवजी २.१६ लिटर लागले, ॲव्हरेज १३.९ झालं आणि आकडा १३३ वर आला. सात किलोमीटर गेले, सदतीस दिसले. जुनी सरासरी मिसळणाऱ्या गाड्यांत हे झोके लहान असतात, पण दिशा हीच.

घाट चढायला मुळात किती लागतं, हेही काढता येतं. नाशिक समुद्रसपाटीपासून ५८० मीटरच्या आसपास आहे. माणसांसह १,३०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला साधारण ७.४ मेगाज्यूल लागतात. इंजिनाची कार्यक्षमता आणि आजच्या पेट्रोलमधली ऊर्जा धरली तर ०.८ ते ०.९ लिटर. म्हणजे मुंबईहून नाशिकला येताना पाऊण लिटरहून जास्त पेट्रोल केवळ उंचीपोटी जातं, आणि त्यातली बरीचशी चढण कसारा ते इगतपुरी एवढ्यात उभी आहे. याच घाटात रेल्वेला ३७ ला १ चढ पडतो आणि गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. मोटारीला मागून कुणी ढकलत नाही. शहापूरला आकड्यात ‘नाशिकपर्यंत पुरेल, वर २० किमी शिल्लक’ दिसत असेल तर त्यातले १५ घाटाने आधीच खाल्लेत असं समजा आणि घाटाच्या खालीच भरून घ्या.

समृद्धी महामार्गाची गोष्ट याहून सरळ. इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि कसारा घाट टळला, पण १२० ची मर्यादा आली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलं की तो सव्वादोन पट होतो. शहरात आणि जुन्या हायवेवर ८०-९० ने चाललेल्या गाडीचं ॲव्हरेज घेऊन आकडा समृद्धीवर चढतो आणि पहिल्या अर्ध्या तासात आपटतो. तिथे पंप दर वळणावर नाहीत, हे नाशिकहून नागपूरकडे निघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. वीस मिनिटं त्याच वेगाने चालवून मग जो आकडा दिसेल तो धरा.

आता मीटरवरच्या ॲव्हरेजबद्दल. ते प्रत्यक्षापेक्षा ५ ते १० टक्के जास्त दिसणं नेहमीचं आहे. इंजिन कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून लिटर काढतो, नळीतून गेलेलं इंधन मोजत नाही. टायर मोठे टाकले, घासले, हवा कमी ठेवली, तर किलोमीटरही थोडे सरकतात. बॅटरी काढून लावली की काही गाड्यांत जुनी सरासरी पुसली जाते आणि दोन-तीन दिवस आकडा कंपनीने भरलेल्या गृहीतावर चालतो. बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफमधली (धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळायचा फेरा सुरू झाला की काही किलोमीटर खर्च वाढतो आणि आकडा विनाकारण खाली येतो. बिघाड नाही तो.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला मात्र या चुकीचा दोष देता येत नाही. लिटरमागे पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये ऊर्जा जवळपास ७ टक्के कमी, ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्के कमी. ॲव्हरेज तेवढं उतरू शकतं. पण डीटीई मागच्या ॲव्हरेजवरच चालतो, त्यामुळे ही घट त्याच्या हिशेबात आपोआप येते. चुकतो तो ब्रोशरवरचा आकडा, मीटरवरचा नाही.

डीटीईला चार गुण. एक गुण वाढवता येईल अशी सोय काही गाड्यांत आहे, आकडा फार कमी झाला की ते ‘---’ दाखवतात. ठाऊक नाही ते सांगत नाही, हे चांगलं.

स्वतःच्या गाडीचा गुणक काढणं

ही कसोटी सगळ्यात उपयोगी आणि फुकट. ठरलेला एक पंप, तोच नोझल, गाडी त्याच दिशेने उभी. दिशा यासाठी, की बऱ्याच पंपांची फरशी पाणी वाहून जायला उतरती असते. पहिल्या ऑटोकटला थांबा. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. इंधनाची पातळी तिथे पोचून छिद्र बुजलं की आतला दाब बदलतो आणि नोझल खटकन बंद होतो. इंधन फेसाळलं किंवा नोझल तिरका धरला तर तो आधीच सुटतो, डिझेलमध्ये तर हमखास. त्यानंतर ‘राउंड फिगर करू का’ म्हणून कोंबलेलं दीड लिटर कसोटी बिघडवतं आणि पेट्रोलची वाफ पकडणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल जायची वाट करतं.

ट्रिप शून्य करा, किमान ३०० किमी चालवा, परत तिथेच ऑटोकटपर्यंत भरा. समजा ४१२ किमी झाले आणि २४.१ लिटर बसलं. खरं ॲव्हरेज १७.१. मीटर म्हणतं १८.८. भागाकार ०.९१. यापुढे १२० किमी दिसले की १०९ समजायचं. हे तीन-चार टाक्यांवर करा, एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, कारण ऑटोकटमध्येच अर्ध्या-एक लिटरचा फरक पडतो.

तापमानाचाही थोडा वाटा आहे. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग प्रसरण पावतं. ४० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं तर ०.६ लिटर जास्त जागा घेतं. डिसेंबरच्या पहाटे निफाडला पारा उतरलेला असताना काटा किंचित कमी आणि एप्रिलच्या दुपारी किंचित जास्त दिसला, तर त्यात याचाही हात असतो. फार मोठा नाही.

पंपावर शंका असेल तर काट्याचा पुरावा नेऊ नका, तो टिकणार नाही. पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मापून दाखवावं लागतं. ५ लिटरमागे २५ मिलीलिटर इतकी चूक चालते, त्याहून कमी भरलं तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार. ४५ लिटरच्या टाकीत ४७ बसलं, हा मात्र चोरीचा पुरावा नाही. कंपनी सांगते त्या क्षमतेच्या वर वाफेसाठी मोकळी जागा आणि नळी असते. टाकी काठोकाठ भरली तर घोषित आकड्यापेक्षा जास्त बसणारच.

खरंच बिघडलंय हे कसं ओळखायचं

आतापर्यंतच्या सगळ्या चुका निरोगी गाडीच्या. बिघाडाची लक्षणं वेगळी असतात. काटा एका ठरावीक जागी, समजा अर्ध्यावर, थरथरतो किंवा एकदम खाली पडून परत येतो, तर पट्टीवरच्या त्या रेघा झिजल्यात. सगळ्यात जास्त वावर असतो तिथेच त्या झिजतात. रोज पाव ते अर्ध्या टाकीत गाडी चालवणाऱ्यांची पट्टी तेवढ्याच भागात घासलेली निघते. इंधनातल्या गंधकामुळे चांदीच्या रेघांवर काळा थर बसतो, तोही वाचन बिघडवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं, पण त्याआधीच्या गाडीच्या पट्टीवर बसलेला काळा थर त्याने धुऊन निघत नाही.

काटा कायम कमीच दाखवत असेल तर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झालेला असू शकतो. पूर्ण खाली किंवा पूर्ण वर जाऊन बसला असेल तर आधी वायर बघा. फ्लोटचे रेझिस्टन्स दोन उलट पद्धतींचे असतात. एकात रिकामं २४० ओहम आणि भरलेलं ३३, दुसऱ्यात रिकामं १० आणि भरलेलं १८०. जुन्या साध्या मीटरमध्ये कनेक्टर निघाला तर पहिल्या पद्धतीत काटा रिकाम्यावर पडतो, दुसऱ्या पद्धतीत फुलवर चढतो. म्हणूनच ‘हा पण बसतो’ म्हणून दिलेला दुसऱ्या गाडीचा फ्लोट घेऊ नये. बसतो तो भोकात, मीटरच्या तक्त्यात नाही.

चांगला वायरमन काय क्रमाने काम करतो ते माहीत असू द्या. आधी स्कॅनर लावून कोड बघेल. पी ०४६० ते पी ०४६४ हे कोड इंधनपातळीचे. ०४६२ म्हणजे सिग्नल फार खाली, ०४६३ फार वर, ०४६४ मधूनमधून तुटणारा. मग सीटखालचा कनेक्टर काढून अर्थिंग आणि ओहम तपासेल. त्यानंतरच टाकी उघडायची गोष्ट, तीही टाकी पावच्या खाली असताना, टाकीतल्या मोटरचा फ्यूज काढून लाइनमधला दाब उतरवून, बॅटरीचं निगेटिव्ह सोडवून. फ्लोट बाहेर आला की दांडा हाताने सावकाश वर-खाली करून मल्टिमीटरवर आकडे बघायचे. ते सलग बदलले पाहिजेत, मध्ये कुठे तुटले किंवा उडाले तर पट्टी गेली. परत बसवताना झाकणाखालची रबरी रिंग नवीन. जुनीच दाबली तर टाकी फुल केल्यावर गाडीत वास सुटतो. पहिल्याच वाक्यात ‘पूर्ण मॉड्यूल बदलावं लागेल’ म्हणणाऱ्याकडे ओहमचे आकडे मागा. काही गाड्यांत फ्लोट खरोखर सुटा मिळत नाही, पण ते मोजल्यानंतर ठरवायचं असतं.

गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचे ब्लूटूथवरचे छोटे ओबीडी स्कॅनर या कामाला बरे. इंधनपातळीचं टक्क्यातलं वाचन ते मोबाइलवर देतात, २५५ पायऱ्यांत. ४० लिटरच्या टाकीत एक पायरी म्हणजे दीडशे-एकशेसाठ मिली, आठ पट्ट्यांपेक्षा कितीतरी बारीक. मात्र बारीक म्हणजे खरं नव्हे, फ्लोट तोच आहे. शिवाय हे वाचन प्रत्येक गाडी बाहेर देत नाही. घेण्याआधी कुणाचा तरी मागून लावून बघा.

सीएनजीचे चार दिवे

इथे मोजला जातो दाब, आणि गॅस विकला जातो किलोने. दोन्हींत तापमान आडवं येतं. पंपावर गॅस वेगाने भरताना सिलिंडर तापतो. आतला गॅस ६० अंशांवर असताना २०० बार झाले आणि मशीन थांबलं, तर ३० अंशांवर २०० बार भरल्यापेक्षा गॅस साधारण ९ टक्के कमी बसलेला असतो. थोड्या वेळाने तो थंड होतो, दाब उतरतो आणि चौथा दिवा दहा किलोमीटरमध्ये जातो. गळती नव्हे. लांब रांगेनंतर पंपावर दाबच कमी असेल तर १७०-१८० लाच थांबावं लागतं, तेव्हा तर चौथा दिवा नावालाच. बिलावरचे किलो बघा. ते सोडून दुसरा पुरावा नाही.

चार दिवे सारख्या अंतराचे नसतात. किटमधला सेन्सर नीट जुळवलेला नसेल तर दोन दिवे शंभर किलोमीटर टिकतात आणि पुढचे दोन तीसमध्ये जातात. किट बसवणाऱ्याच्या लॅपटॉपवर प्रत्येक दिव्याचा व्होल्टेज बदलता येतो, पाच मिनिटांचं काम. सर्व्हिसला गेल्यावर सिलिंडर रिकामा आणि भरलेला अशी दोन वाचनं घेऊन ते करून घ्यावं.

बाहेरून किट बसवलेल्या गाडीत पेट्रोलच्या डीटीईवर अजिबात विसंबू नका. इंजिन कॉम्प्युटरला वाटत असतं तो पेट्रोलच सोडतोय, त्यामुळे गॅसवरचे किलोमीटरही तो पेट्रोलच्या हिशेबात धरतो. आणि गाडी सकाळी पेट्रोलवरच सुरू होते, इंजिन कोमट होईपर्यंत. गंगापूर रोडवरून कॉलेज रोडला रोज चार किलोमीटर जाणाऱ्याचा यात बराच भाग पेट्रोलवर जातो आणि ‘गॅसवर चालवूनही पेट्रोल संपतं’ असं कोडं पडतं. अशा गाडीत पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. गॅसवर असतानाही बऱ्याच गाड्यांत टाकीतली मोटर फिरत असते, कोरडी फिरली तर जळते.

चार दिव्यांना तीन गुण, जुळवून घेतले तर पाच.

बॅटरीची गाडी

इथे फ्लोट नाही, पण अंदाजच आहे. बॅटरीत किती विद्युतप्रवाह गेला आणि किती आला याची बेरीज-वजाबाकी चालू असते, आणि तिला व्होल्टेजचा आधार दिला जातो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज जवळपास बदलतच नाही, त्यामुळे ६० टक्के की ५० हे व्होल्टेजवरून नीट ओळखू येत नाही आणि बेरजेतली चूक साठत जाते. म्हणून अशा गाड्यांना अधूनमधून १०० टक्क्यांपर्यंत सावकाश चार्ज करा असं कंपन्या सांगतात. ते पाळलं नाही तर १८ टक्क्यांवरून एकदम ११ दिसण्याचे प्रकार होतात.

टक्क्यांचा आकडा पाळीव, किलोमीटरचा इथेही उनाड. १,७०० किलोची गाडी समुद्रसपाटीवरून नाशिकच्या उंचीला आणायला २.७ युनिट, मोटरची गळती धरून तीन. किलोमीटरला १५० वॉट-तास खाणाऱ्या गाडीत ते २० किमी झाले. जाताना यातलं बरंच परत मिळतं, कारण उतारावर मोटरच जनरेटर होते. पण नाशिकहून १०० टक्के भरून लगेच मोठा उतार लागला तर भरलेल्या बॅटरीत परत घ्यायला जागा नसते आणि रीजन, म्हणजे ही वीज परत घेणं, मंद पडतं. सुदैवाने पाथर्डी फाट्यापासून कसारा घाटाच्या तोंडापर्यंत बरेच किलोमीटर आहेत, तेवढ्यात जागा होते. येताना मात्र कसाऱ्याच्या पायथ्याला किलोमीटर न बघता टक्के बघा, आणि इगतपुरी ओलांडून सपाटीवर दहा किलोमीटर चालल्यानंतर जो आकडा दिसेल त्याच्याशी नाशिकचं अंतर ताडून बघा.